आडवी रेघ

सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव म्हणजे मणिबेली. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. समोरच्या तीरावर गुजरात, आणि खाली थोड्याच अंतरावर धरणाची भिंत. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ इथलंच, तेही आता पाण्याखाली आहे. 1994 मध्ये 44 देशांतल्या तीनशेहून अधिक संघटनांनी जागतिक बँकेनं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून जे निवेदन काढलं, त्याला त्यांनी या गावाचं नाव दिलं. मणिबेलीचा जाहीरनामा म्हणून तो जगभर वाचला गेला. गावातली काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काही तिथेच राहिली, पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला.

धरणाचा हा इतिहास आपण निदान ऐकलेला असतो. माझं या काठाशी नातं जुळलं ते रक्ताच्या नोंदींतून. मी जनुकांच्या अक्षरमाळा वाचणारं सॉफ्टवेअर लिहितो. डीएनएची किंवा प्रथिनाची लांबलचक ओळ घ्यायची, ती दुसऱ्या ओळीसमोर मांडायची, कुठे जुळते, कुठे नाही ते सांगायचं, असं हे काम. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेल हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा आहे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी येतं. मधल्या ‘ए’चा ‘टी’ होतो, बस. त्यामुळे साखळीतलं सहावं अमिनो आम्ल, ग्लुटामिक आम्ल, बदलून तिथे व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस हाडं मोडल्यासारख्या वेदनेनं तळमळतो. लायनस पॉलिंगनं 1949 मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं. 1956-57 मध्ये व्हर्नन इनग्रॅमनं तो नेमका कुठला अमिनो आम्लाचा बदल ते दाखवलं. भारतात या पेशीची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरांतली.

एका अक्षराच्या बदलाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते जिथे अक्षरच नसतं त्या जागेबद्दल.

हिमोग्लोबिनच्याच दोन साखळ्या घ्या. अल्फा साखळीत 141 अमिनो आम्लं आहेत, बीटामध्ये 146. सुमारे 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वी एकाच जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि त्यांतून या दोघी आल्या. बहिणीच त्या. पण एकीखाली दुसरी ओळ नुसती लिहिली तर पहिल्या अक्षरानंतर सगळं विस्कटतं. मग आम्ही मधे आडव्या रेघा घालतो. अल्फामध्ये दुसऱ्या जागी एक रेघ, पुढे एक, आणि एका ठिकाणी सलग पाच. बीटामध्ये एकाच ठिकाणी दोन. आता दोन्ही ओळी 148 रकान्यांच्या झाल्या, आणि नातं डोळ्यांना दिसू लागलं. व्हॅलिनखाली व्हॅलिन, प्रोलिनखाली प्रोलिन.

या रेघेला आमच्यात गॅप म्हणतात. ती अक्षर नाही. निसर्गात कुठल्याही पेशीत, कुठल्याही परीक्षानळीत ती सापडणार नाही. ती वाचणाऱ्यानं घातलेली आहे, आणि घालताना त्यानं एक विधान केलेलं आहे: इथे बहिणीकडे काहीतरी आहे आणि हिच्याकडे ते नाही. हिचं गळालं की तिला नव्यानं मिळालं, हे रेघ सांगत नाही. नीडलमन आणि वुन्श यांनी 1970 मध्ये ओळी जुळवण्याची जी रीत दिली तिच्यात प्रत्येक रेघेला दंड आहे. 1982 मध्ये गोतो यांनी रेघ सुरू करण्याचा दंड जड आणि तीच लांबवण्याचा हलका, असा हिशेब कार्यक्षम रीतीनं बसवून दिला. दंड नसता तर माणसानं वाटेल तिथे रेघा घालून वाटेल ते नातं सिद्ध केलं असतं. ‘इथे काही नाही’ असं म्हणायला किंमत मोजावी लागते, ही गोष्ट मला या रीतीत फार आवडते.

रेघेमुळे आणखी एक होतं, मोजणी सरकते. बीटा साखळीतल्या त्या सहाव्या जागेच्या समोर अल्फामध्ये काय आहे, असं विचारलं तर उत्तर अॅलनिन. पण अल्फाच्या स्वतःच्या मोजणीत ते पाचवं आहे, कारण तिच्या दुसऱ्या रकान्यात रेघ आहे. रकाना सहावा, क्रमांक पाचवा. ‘सहाव्या जागेवर काय आहे’ हा प्रश्न रेघा मोजून विचारला की न मोजता, हे आधी ठरवावं लागतं. त्यातच वैद्यकाची जुनी मोजणी सुरुवातीचं मेथिओनिन धरत नाही, कारण तयार प्रथिनातून ते काढून टाकलेलं असतं. जनुकावरून मोजणारे ते धरतात. म्हणून सिकलसेलचा एकच बदल एका अहवालात सहावा आणि दुसऱ्यात सातवा म्हणून येतो. दोन्ही बरोबर. कुठली मोजणी ते लिहिलेलं नसेल तर मात्र दोन्ही धोक्याचे.

आता ही रेघ संगणकाला कशी शिकवायची? डीएनएच्या वर्णमालेत चार अक्षरं: ए, सी, जी, टी. आरएनएमध्ये टीच्या जागी यू. प्रथिनांची वीस. घोळ असा की डीएनएची चारही अक्षरं प्रथिनांच्या वर्णमालेतही आहेत, वेगळ्या अर्थानं. तिथे ए म्हणजे अॅडेनिन, इथे अॅलनिन. तिथे सी सायटोसिन, इथे सिस्टिन. नुसती ओळ पाहून ती कुणाची हे यंत्राला कळत नाही, म्हणून प्रत्येक वर्णमालेसाठी वेगळा क्लास लिहायचा, म्हणजे नियमांचा वेगळा संच. पण या तिघांचं बरंचसं काम सारखंच: अक्षर ग्राह्य आहे का ते तपासणं, रेघा काढून मूळ ओळ देणं, रेघा सोडून लांबी मोजणं. ते तीनदा लिहिलं तर तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं चुकतं. म्हणून सामाईक कोड वर, पॅरेंट क्लासमध्ये, एकदाच लिहितात, आणि डीएनए, आरएनए, प्रथिन हे तिघं तो वारशानं घेतात. ज्याचं त्याचं वेगळं तेवढं खाली राहतं. पूरक ओळ काढण्याची क्रिया डीएनए-आरएनएलाच, प्रथिनाला तिचा काही अर्थ नाही. पूरक काढताना ए चा टी होतो, सी चा जी. रेघेची रेघच राहते.

खरी कसोटी लागते ती रेघेच्या शेजारणीपाशी. डीएनएच्या वर्णमालेत ‘एन’ हेही एक चिन्ह आहे. त्याचा अर्थ: इथे चारांपैकी एक अक्षर नक्की आहे, पण कोणतं ते वाचता आलं नाही. ‘आर’ म्हणजे ए किंवा जी, ‘वाय’ म्हणजे सी किंवा टी. ही संदिग्ध अक्षरं आंतरराष्ट्रीय समितीनं 1984 मध्ये ठरवून दिली. तेव्हा रेघ म्हणजे ‘इथे नाही’, आणि एन म्हणजे ‘इथे आहे, माहीत नाही’. कागदावर दोन्ही सारख्याच पोकळ दिसतात, अर्थानं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. प्रथिनांत हेच काम ‘एक्स’ करतो, कारण तिथे ‘एन’ हे अॅस्परॅजिनचं अक्षर आहे. काही मांडण्यांत टिंब हेही गॅप असतं. दुसऱ्या काहींत त्याच टिंबाचा अर्थ ‘वरच्या ओळीसारखंच’ असा होतो. आणि जिथे तपासलंच नाही तिथे काही जण प्रश्नचिन्ह लिहितात. हे सगळं ‘रिकामं’ या एका खात्यात टाकणारा कोड लिहायला सर्वांत सोपा असतो. चार ओळींत होतो. पॅरेंट क्लासमध्ये तो गेला की खालच्या सगळ्या वर्णमाला ती चूक मुकाट्यानं वारशात घेतात.

बायोपायथन या 1999 पासून चाललेल्या खुल्या प्रकल्पात वर्णमालांचे असे क्लास होते, आणि एखाद्या वर्णमालेला गॅपचं चिन्ह जोडून देणारं ‘गॅप्ड’ नावाचं आवरणही होतं. ते गुंतागुंतीचं झालं, लोक ते नीट वापरेनात, आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये 1.78 या आवृत्तीत सगळी व्यवस्थाच काढून टाकली. व्यवस्था अवजड होती हे मला मान्य आहे. पण ती गेल्यानं प्रश्न गेला नाही, तो वापरणाऱ्याच्या खांद्यावर आला. स्कायकिट-बायो या दुसऱ्या प्रकल्पाची मांडणी मला जास्त पटते. तिथे पॅरेंट क्लास प्रत्येक वर्णमालेला सक्तीनं विचारतो: तुझी निश्चित अक्षरं कोणती, संदिग्ध कोणती, आणि गॅपची चिन्हं कोणती? तीन उत्तरं वेगवेगळी दिल्याशिवाय क्लास उभाच राहत नाही. रेघा काढण्याची क्रिया मात्र एकदाच, वर लिहिलेली.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला यात काही परकं वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला 1919 मध्ये हात घातला आणि 1966 मध्ये ते काम पुरं केलं. देशभरातल्या पोथ्या ओळीखाली ओळ मांडायच्या आणि कुठला पाठ जुना ते ठरवायचं. आमच्या अलाइनमेंटची, म्हणजे ओळी जुळवण्याची, हीच रीत, संगणक येण्याच्या कितीतरी आधीची. 1925 पासून 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्यांनी ते काम वाहिलं ते विष्णु सीताराम सुखटणकर मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे मला योगायोग वाटत नाही. त्या आवृत्तीच्या तळटिपांत एखाद्या पोथीत श्लोक गाळलेला आहे ही नोंद वेगळी, आणि पोथीचं पान खराब झाल्यानं वाचता येत नाही ही वेगळी. आणि जिथे संपादकांना पाठाची पुरती खात्री नव्हती तिथे त्यांनी छापील मजकुराखाली नागमोडी रेघ दिली. गाळलेलं, फाटलेलं आणि अनिश्चित, या तिन्हींना स्वतंत्र खूण. सुखटणकरांनी घालून दिलेली ही शिस्त आमच्या क्षेत्रात प्रत्येक पिढीला नव्यानं शिकवावी लागते.

आता पुन्हा नंदुरबारच्या सातपुड्यात. सिकलसेलची वाडीवस्तीवर होणारी पहिली तपासणी साधी असते. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, ते एका द्रावात टाकायचं, द्राव गढूळ झाला तर सिकल हिमोग्लोबिन आहे. ते वाहकाचं आहे की रुग्णाचं, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक, म्हणून वाहकाला कळणं महत्त्वाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुष्कळ असतं, त्यामुळे द्राव स्वच्छ दिसू शकतो. नोंदवहीत ‘निगेटिव्ह’ पडतं. प्रत्यक्षात त्या बाळाबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. ज्याला नुकतंच दुसऱ्याचं रक्त चढवलं आहे त्याच्या चाचणीचंही तेच. त्या रकान्यात एन हवा होता, आणि आपण शून्य लिहिलं.

जनुकांच्या तपासणीत हीच चूक संगणक करू शकतो, आणि फार वेगानं करतो. माणसांमधले फरक नोंदवण्याची जी प्रचलित फाइल असते तिच्यात एखाद्या जागी दोन्ही प्रती नेहमीसारख्या असतील तर शून्य-शून्य लिहितात. ती जागा वाचलीच गेली नसेल तर टिंब-टिंब. पण एकेका माणसाच्या फाइलीत बहुधा फक्त बदललेल्या जागा असतात. मग दोघांच्या फाइली एकत्र करताना एकाची ओळ आहे आणि दुसऱ्याची नाही, अशा वेळी काय समजायचं? दुसऱ्याचं अक्षर नेहमीचं होतं, की तिथपर्यंत यंत्र पोचलंच नव्हतं? बीसीएफटूल्स नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं तेव्हा आपण होऊन टिंबच लिहितं. पण एक पर्याय दिला तर ते टिंबांची शून्यं करून देतं. त्या पर्यायाचं नाव सरळ आहे: नसलेलं ते नेहमीचं समज. ज्याला आपली फाइल कशी तयार झाली हे ठाऊक आहे त्यानं तो वापरावा. तक्ता भरलेला दिसावा म्हणून तो वापरला, तर ज्या मुलाचं जनुक कुणी वाचलंच नाही ते मूल त्या तक्त्यात निरोगी ठरतं.

आणि वाचलं न जाणं नर्मदेच्या काठावर सहज घडतं. धरणाचं पाणी चढल्यावर इथल्या पाड्यांच्या वाटा बुडाल्या. पूर्वी चालत गाठता येणाऱ्या कित्येक वस्त्यांना आता बोटीनं जावं लागतं. आरोग्य खात्याचा दवाखानाही इथे पाण्यावर तरंगता आहे. पावसाळ्यात नदीचा भरवसा नसतो. पथक पोचलं त्या दिवशी माणूस डोंगरापलीकडे शेतावर असतो, नाहीतर गुजरातेत मजुरीला गेलेला. यादीत त्याच्या नावापुढे जी मोकळी जागा उरते ती ‘आला नाही’ची आहे. तालुक्याच्या बेरजेत ती ‘दोष नाही’ची होऊन बसली, तर पुढच्या वेळी त्या पाड्यावर बोट पाठवायचं कुणाला कारणच उरत नाही. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं उद्दिष्ट चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे, आणि 2047 पर्यंत आजार संपवण्याचं. एवढ्या मोठ्या तक्त्यात मोकळे रकाने असणारच. ते मोकळेच दिसले पाहिजेत.

या काठाला मोकळ्या रकान्याचा अनुभव जुना आहे. नर्मदा पाणी तंटा लवादानं 1979 च्या डिसेंबरमध्ये निवाडा दिला. ज्या कुटुंबाची 25 टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल त्याला किमान 2 हेक्टर जमीन, आणि सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. एकाच ठिकाणी केलेली व्याख्या, आणि ती गुजरातच्या 19, महाराष्ट्राच्या 33 आणि मध्य प्रदेशाच्या 193 गावांना लागू. त्या काळाच्या मानानं ती उदार होती. पण संपादित व्हायला जमीन आधी सरकारी कागदावर त्या माणसाची असावी लागते. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी शेतं दप्तरी जंगल म्हणून लागलेली होती, आणि कसणारा अतिक्रमण करणारा. व्याख्या सगळ्यांसाठी एकच, पण तिच्या मुळाशीच सातबारा नसलेल्या माणसासाठी चिन्ह नव्हतं. ती चूक मग गावोगाव उतरली. ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ असे दोन प्रकारचे प्रकल्पग्रस्त तयार झाले. जमीन न बुडता चहूबाजूंनी पाण्यानं वेढल्या गेलेल्या टापूंचा प्रश्न आणखी वेगळा. 2001 मध्ये महाराष्ट्र राज्याला दाऊद समिती नेमून पुनर्वसन पुन्हा तपासावं लागलं, आणि यादीबाहेरच्या माणसांची नावं यादीत घालून घेण्यासाठी नर्मदा बचाओ आंदोलनाला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस बाधित नाही, की त्याच्यापर्यंत मोजणीच पोचली नाही? कागदाला हा प्रश्न पडत नाही. तो माणसाला दाराशी जाऊन विचारावा लागतो.

जनुकं आणि जमिनी एक नव्हेत, हे मी जाणतो. जमीन हिरावली गेलेल्या माणसाचं दुःख फाइलीतल्या टिंबाशी तोलायचं नाही. पण दोन्ही याद्यांत तीच माणसं आहेत. रक्ताच्या नोंदवहीत ज्याचा रकाना मोकळा राहील तो बहुधा जमिनीच्या यादीतही उशिरा सापडलेल्यांपैकीच असेल, कारण दोन्हीकडे पोचण्याची वाट तीच, आणि ती पाण्याखाली आहे.

काही ठिकाणी विज्ञानानं आपली मोकळी जागा प्रामाणिकपणे सांभाळली आहे. मानवी जनुकसंचाचं वाचन पुरं झालं असं 2003 मध्ये जाहीर झालं, तरी संदर्भप्रतीत जिथे वाचता आलं नव्हतं तिथे एन-एन-एन अशा लांब माळा ठेवलेल्या होत्या. म्हणून नवी यंत्रं आली तेव्हा कुठे पाहायचं ते ठाऊक होतं, आणि 2022 मध्ये उरलेला सुमारे आठ टक्के भाग वाचून झाला.

हे वाचणाऱ्यांत कुणी कोड लिहिणारे असतील, कुणी आरोग्य खात्यात तक्ते भरणारे, कुणी जिल्ह्याच्या बेरजा करणारे. तुमच्या पॅरेंट क्लासमध्ये, तुमच्या छापील नमुन्यात, तुमच्या एक्सेलच्या पहिल्या ओळीत तीन वेगळी चिन्हं ठेवा: नाही, माहीत नाही, तपासलं नाही. आणि मणिबेलीच्या वरच्या पाड्यावरच्या ज्या मुलापर्यंत बोट पोचली नाही, त्याच्या नावापुढे शून्य लिहू नका. जागा मोकळी ठेवा, तारीख घाला, आणि पुन्हा जा.